बेधडक बलिदानांचा बादशहा : फ्रँक मार्शल

बुद्धिबळ हा संयमाचा आणि सावध हिशेबाचा खेळ आहे, अशी सर्वसाधारण समजूत आहे. पहिल्या दहा चालींतच एखादे प्यादे, प्रसंगी घोडा किंवा उंट प्रतिस्पर्ध्याला बहाल करायचा आणि त्या मोबदल्यात आक्रमणाचे दार उघडून घ्यायचे, या प्रकाराला ‘गॅम्बिट’ म्हणतात. काही गॅम्बिट शास्त्रशुद्ध ठरले आहेत. अनेक मात्र तसे नाहीत. प्रतिस्पर्ध्याने शांतपणे योग्य चाली शोधल्या तर बलिदान देणाऱ्याच्या हाती केवळ नुकसान उरते. परंतु त्या चाली शोधायला तास न मिळता दहा सेकंद मिळाले, तर चित्र साफ पालटते. ‘योग्य’ आणि ‘यशस्वी’ यांच्यातल्या या फटीत ज्याने आपले सारे आयुष्य मांडले, तो अमेरिकेचा फ्रँक जेम्स मार्शल.

मार्शल कधीही जगज्जेता झाला नाही. जगज्जेतेपदाच्या एकमेव लढतीत तर त्याला एकही डाव जिंकता आला नाही. तरीही विसाव्या शतकाच्या पहिल्या दोन दशकांत युरोप आणि अमेरिकेतले प्रेक्षक ज्याच्या पटाभोवती हमखास गर्दी करत, अशा मोजक्या खेळाडूंत त्याची गणना होत असे. आज संगणकावर तीन मिनिटांच्या डावात धोकादायक गॅम्बिट टाकणाऱ्या हजारो हौशी खेळाडूंना त्याचे नाव ठाऊक असेलच असे नाही. पण ती वाट मळवणाऱ्यांत तो अग्रभागी होता.

माँट्रियलचे संस्कार

मार्शलचा जन्म १० ऑगस्ट १८७७ रोजी न्यूयॉर्क शहरात झाला. तो आठ वर्षांचा असताना कुटुंब कॅनडातील माँट्रियल येथे स्थलांतरित झाले. दहाव्या वर्षी तो बुद्धिबळ शिकला आणि शहरातील क्लबांत वावरू लागला. त्या काळी क्लबांतले बहुतेक डाव घड्याळाविना, गप्पा मारत आणि झटपट खेळले जात. पॉल मॉर्फी आणि त्याच्या पिढीच्या आक्रमक खेळाची मोहिनी अद्याप ओसरली नव्हती. प्यादे देऊ केले तर ते घ्यायचे आणि मग आपला राजा वाचवून दाखवायचा, हाच मर्दानी खेळ मानला जाई. दुसरीकडे विल्हेल्म स्टाइनिट्झने स्थितीचे शास्त्र मांडून बचावालाही प्रतिष्ठा मिळवून दिली होती. मार्शल वाढला तो या दोन युगांच्या संधिकालात. त्याचे मन पहिल्या युगात रमले आणि कारकीर्द मात्र दुसऱ्या युगात गेली. त्याच्या यशापयशाचे बरेचसे मर्म या विसंगतीत दडले आहे.

१८९९ साली लंडनमधील दुय्यम गटाची स्पर्धा जिंकून त्याने युरोपात पाऊल ठेवले. पुढच्याच वर्षी पॅरिसच्या स्पर्धेत त्याने तिसऱ्या-चौथ्या क्रमांकात भागीदारी मिळवली. त्या स्पर्धेत जगज्जेता इमॅन्युएल लास्कर हरला तो एकच डाव, आणि तो या बावीस वर्षांच्या नवख्या खेळाडूकडून. बुद्धिबळ जगताने त्याच्याकडे वळून पाहिले, ते या विजयामुळे.

गॅम्बिटचे वेड आणि एक श्रीमंत आश्रयदाता

१९०३ साली व्हिएन्नामध्ये एक आगळी स्पर्धा भरली. प्रत्येक डाव ‘किंग्ज गॅम्बिट’ या सुरुवातीनेच खेळायचा आणि पुढे केलेले प्यादे काळ्याने घ्यायचेच, अशी अट होती. रशियाचा मिखाईल चिगोरिन पहिला आला आणि मार्शल दुसरा. अमेरिकेचा तेव्हाचा अव्वल खेळाडू हॅरी पिल्सबरी त्याच्या मागे राहिला. ज्या रणभूमीवर दोन्ही बाजूंचे राजे उघड्यावर असतात, तिथे मार्शल घरच्यासारखा वावरतो हे या स्पर्धेने सिद्ध केले.

याच सुमारास त्याचा संबंध आयझॅक राइस या धनाढ्य उद्योजकाशी आला. जर्मनीत जन्मलेला, व्यवसायाने वकील असलेला आणि पाणबुड्या बांधणाऱ्या ‘इलेक्ट्रिक बोट’ कंपनीचा संस्थापक असलेला राइस बुद्धिबळाने झपाटलेला होता. किंग्ज गॅम्बिटच्या एका शाखेत पांढऱ्याचा पुढे आलेला घोडा काळ्या उंटाच्या माऱ्यात असताना, त्याला न वाचवता सरळ किल्लेकोट करायचा, अशी चाल त्याने रूढ केली. खेळता खेळता घोडा चुकून माऱ्यात राहिला आणि तरीही डाव जिंकला, त्यातून ही कल्पना सुचली असे सांगतात. या ‘राइस गॅम्बिट’च्या प्रचारासाठी त्याने खास स्पर्धा भरवल्या, बक्षिसे दिली आणि नामवंत उस्तादांना विश्लेषणाला बसवले. खुद्द लास्करही त्या उपक्रमात सामील होता.

इतका पैसा आणि इतकी बुद्धी खर्च होऊनही निष्कर्ष राइसच्या बाजूचा निघाला नाही. अचूक बचाव केल्यास काळ्याला चिंतेचे कारण नाही, हेच अखेर दिसून आले. १९१५ मध्ये राइसचे निधन झाले आणि त्याच्यामागोमाग त्याचा गॅम्बिटही स्पर्धांतून अस्तंगत झाला. मार्शल मात्र आपल्या आश्रयदात्याला विसरला नाही. १९०५ साली कॅरोलाइन क्राउस हिच्याशी त्याचा विवाह झाला होता. त्यांच्या मुलाचे नाव त्यांनी फ्रँक राइस मार्शल असे ठेवले.

केंब्रिज स्प्रिंग्जचा चमत्कार

१९०४ चा वसंत हा मार्शलच्या कारकिर्दीचा कळस म्हणावा लागेल. पेनसिल्व्हेनियातील केंब्रिज स्प्रिंग्ज या गावी लास्कर, पिल्सबरी, चिगोरिन, यानोव्स्की असे दिग्गज जमले होते. मार्शलने १५ पैकी ११ डाव जिंकले, ४ बरोबरीत सोडवले आणि एकही गमावला नाही. १३ गुणांसह तो पहिला आला. लास्कर आणि यानोव्स्की दोन गुणांनी मागे राहिले. १९०६ मध्ये न्यूरेंबर्गची स्पर्धाही त्याने अपराजित राहून जिंकली. जगज्जेतेपदाचा आव्हानवीर म्हणून त्याचे नाव घेतले जाऊ लागले, ते साहजिकच होते.

परंतु स्पर्धा आणि द्वंद्व यांत फरक असतो. स्पर्धेत रोज नवा प्रतिस्पर्धी समोर येतो. बेधडक बलिदानाचा धक्का त्याच्यासाठी नवा असतो, आणि काही कमकुवत खेळाडू त्या धक्क्याने कोसळतात. द्वंद्वात तोच माणूस आठवडेच्या आठवडे समोर बसतो आणि तिसऱ्या-चौथ्या डावापर्यंत धक्क्याची सवय करून घेतो. मार्शलसारखाच आक्रमक असलेला दावीद यानोव्स्की समोर असताना हा फरक जाणवला नाही. १९०५ साली पॅरिसमधील द्वंद्वात मार्शलने त्याला ८ विरुद्ध ५ डावांनी हरवले. पण त्याच वर्षी शिस्तप्रिय जर्मन उस्ताद झिगबर्ट टाराश याने मार्शलला ८ विरुद्ध १ असे लोळवले.

१९०७ मध्ये लास्करविरुद्धची जगज्जेतेपदाची लढत अमेरिकेतील निरनिराळ्या शहरांत खेळवली गेली. निकाल निर्दय होता. लास्करने ८ डाव जिंकले, ७ बरोबरीत सुटले, मार्शलचा विजय शून्य. लास्कर केवळ उत्तम चाली शोधत नसे. समोरच्या माणसाला कोणती स्थिती नकोशी वाटते हेही तो ओळखत असे. वजिरांची मारामारी होऊन पट शांत झाला की मार्शलचा रस ओसरतो, हे त्याने हेरले आणि डाव पुन:पुन्हा त्याच दिशेला नेले.

दोन वर्षांनी, १९०९ मध्ये, याहून अनपेक्षित आघात झाला. मोठ्या आंतरराष्ट्रीय स्पर्धेचा अनुभव नसलेला, अवघ्या वीस वर्षांचा क्यूबन तरुण होजे राउल कापाब्लांका मार्शलशी द्वंद्व खेळला. कापाब्लांकाने ८ डाव जिंकले, मार्शलने १ आणि १४ बरोबरीत सुटले. दुसरा एखादा खेळाडू या पराभवाचा डंख जन्मभर जपून बसला असता. मार्शलने मात्र, १९११ च्या सान सेबास्तियन येथील निवडक उस्तादांच्या स्पर्धेत या तरुणाला प्रवेश मिळावा म्हणून त्याची बाजू उचलून धरली. ती स्पर्धा कापाब्लांकाने जिंकली आणि पुढे तो जगज्जेता झाला.

फसवणुकीची कला

मार्शलच्या खेळाला एक खास नाव चिकटले होते. ‘मार्शल स्विंडल’, म्हणजे मार्शलची फसवणूक. हरलेल्या डावात तो असा काही सापळा रचे की विजयाच्या धुंदीत असलेला प्रतिस्पर्धी अलगद त्यात पडावा. हे बिरुद त्याने अपमान न मानता मिरवले. १९१४ साली त्याने आपल्या निवडक डावांचे पुस्तक काढले तेव्हा ‘स्विंडल्स’ हा शब्द थेट शीर्षकातच घातला.

या फसवणुकीत लबाडी मात्र नव्हती. पटावर सारी मोहरी उघड्यावर असतात. लपवायला जागाच नसते. मार्शल फसवत असे ते वेळेच्या आणि मनाच्या बळावर. राजापुढची प्यादी फुटली, शहांची मालिका सुरू झाली की बचाव करणाऱ्याला प्रत्येक चाल अचूक खेळावी लागते. आक्रमकाची एखादी चाल चुकली तर बहुधा आक्रमण थोडे मंदावते. बचाव करणाऱ्याची एक चाल चुकली तर मात होते. चुकांची ही किंमत दोघांना सारखी नसते. विचाराला भरपूर वेळ असतो तेव्हा ही विषमता फारशी जाणवत नाही. वेळ जसजसा आटत जातो, तसतशी ती वाढत जाते. शास्त्राच्या दृष्टीने सदोष असलेला गॅम्बिट झटपट डावात जिंकून देतो, त्याचे कारण हे आहे.

याचा सर्वांत प्रसिद्ध दाखला १९१२ सालच्या ब्रेस्लाऊ येथील स्पर्धेत रशियाच्या लेवित्स्कीविरुद्ध घडला. हे शहर आज पोलंडमध्ये व्रोत्स्वाफ या नावाने ओळखले जाते. काळ्या मोहऱ्यांनी फ्रेंच बचाव खेळताना मार्शलने तिसऱ्याच चालीत सी-पट्टीतले प्यादे पुढे ढकलले. ही पद्धत त्याच्याच नावाने ओळखली जाते. तिच्यात काळ्याच्या वाट्याला एकाकी, दुबळे प्यादे येते. पण त्याचे मोहरे मोकळे होतात. पुढे तेविसाव्या चालीला त्याने आपला वजीर पांढऱ्या राजासमोर अशा घरात नेऊन ठेवला की तो तीन प्रकारे मारता येत होता : दोन प्याद्यांपैकी कोणत्याही एकाने किंवा वजिराने. पहिल्या दोन मार्गांनी मात होत होती आणि तिसऱ्याने एक मोहरा जात होता. लेवित्स्कीने डाव सोडला. प्रेक्षकांनी पटावर सोन्याच्या नाण्यांची वृष्टी केली अशी आख्यायिका आहे. ती खरी मानावी की नाही यावर इतिहासकारांचे एकमत नाही. चालीबद्दल मात्र कोणाचाही मतभेद नाही.

१९१३ मध्ये हवाना येथे, खुद्द कापाब्लांकाच्या गावात, मार्शलने त्याला अर्ध्या गुणाने मागे टाकून पहिला क्रमांक पटकावला. १९१४ च्या सेंट पीटर्सबर्ग स्पर्धेत लास्कर, कापाब्लांका, अलेखिन आणि टाराश यांच्यासह अंतिम पाचांत तो होता. त्याच वर्षी मानहाइमची स्पर्धा महायुद्धामुळे अर्ध्यावर थांबली आणि मार्शल हॉलंडमार्गे मायदेशी परतला.

दहा सेकंदांची घंटा

परतल्यावर १९१५ साली त्याने न्यूयॉर्कमध्ये ‘मार्शल्स चेस डिव्हॅन’ सुरू केले. पहिली बैठक कीन्स चॉपहाउस या उपाहारगृहात होती. लंडनच्या सिम्पसन्स डिव्हॅनमध्ये जसे कोणीही यावे, कोणाशीही डाव मांडावा, तसे वातावरण मायदेशात निर्माण करण्याचा त्याचा मानस होता. पुढे त्याचे रूपांतर ‘मार्शल चेस क्लब’मध्ये झाले.

त्या काळातील न्यूयॉर्कच्या क्लबांत ‘रॅपिड ट्रान्झिट’ नावाचा प्रकार लोकप्रिय होता. दर दहा सेकंदांनी घंटा वाजे आणि घंटेसरशी चाल करावीच लागे. दीर्घ विचाराला वावच नसे. डोळ्याला जे दिसते आणि हाताला जे सुचते, तेच खेळायचे. आजच्या तीन किंवा पाच मिनिटांच्या ब्लिट्झचा हा पूर्वज म्हणता येईल. हातातला सिगार बाजूला न ठेवता, गळ्याला जुन्या नटासारखा रुमाल बांधून झपझप चाली करणारा मार्शल हे क्लबातल्या सभासदांच्या परिचयाचे दृश्य होते.

दहा सेकंदांत मार्शलची शैली बहरे यात नवल नाही. पण इथेही एक मर्यादा होती आणि तिचे नाव कापाब्लांका असे होते. १९०६ साली, वयाच्या सतराव्या वर्षी, या मुलाने मॅनहटन क्लबमधील झटपट स्पर्धेत जगज्जेत्या लास्करच्याही पुढे पहिला क्रमांक मिळवला होता. सदोष बलिदान यशस्वी होते ते प्रतिस्पर्ध्याला उत्तर शोधायला वेळ लागतो म्हणून. ज्याला उत्तर पाहताक्षणी दिसते, त्याच्यापुढे हे अस्त्र बोथट ठरते.

झटपट विचाराची मार्शलची ताकद किती होती, याचा अंदाज १९२२ मधील माँट्रियलच्या प्रदर्शनावरून येतो. ज्या शहरात तो खेळ शिकला, तिथे त्याने एकाच वेळी १५५ जणांशी डाव मांडले. १२६ जिंकले, २१ बरोबरीत सोडवले आणि केवळ ८ गमावले. हे सारे सुमारे सात तासांत आटोपले. प्रत्येक डाव सरासरी २५ चालींचा धरला, तर एका चालीला, पुढच्या पटापर्यंत चालत जाण्याचा वेळ धरूनही, सात सेकंदांहून कमी अवधी मिळाला असे गणित निघते. इतक्या पटांवर संथ, सोशिक खेळ करणे माणसाला अशक्य आहे. डाव लवकर फुटावा, राजे लवकर उघडे पडावेत, हीच तिथली व्यवहार्य नीती होती आणि ती मार्शलची जन्मजात नीती होती.

राखून ठेवलेले अस्त्र

मार्शलचे नाव आज ज्या एका गोष्टीमुळे प्रत्येक व्यावसायिक खेळाडूच्या तोंडी आहे, तिचा जन्म एका पराभवात झाला. २३ ऑक्टोबर १९१८ रोजी न्यूयॉर्कच्या स्पर्धेत कापाब्लांका पांढऱ्या मोहऱ्यांनी त्याच्यासमोर बसला. रुय लोपेझ ही जुनी, भरवशाची सुरुवात झाली. आठव्या चालीला मार्शलने अनपेक्षितपणे वजिरापुढचे प्यादे दोन घरे पुढे सारले आणि राजापुढचे प्यादे प्रतिस्पर्ध्याला देऊन टाकले. मोबदल्यात त्याचे उंट, घोडा आणि वजीर पांढऱ्या राजाकडे झेपावले. कापाब्लांकाच्या वजिराच्या बाजूची मोहरी तेव्हा मूळ घरांतच होती.

हे आक्रमण मार्शलने अनेक वर्षे खास कापाब्लांकासाठी राखून ठेवले होते, अशी कथा पुस्तकापुस्तकांतून सांगितली जाते. ती तंतोतंत खरी मानणे अवघड आहे. ही कल्पना हवाना येथे १८९३ मधील एका डावातही दिसली होती, आणि मार्शलसारखा उतावळा खेळाडू असे अस्त्र दीर्घकाळ म्यानात ठेवील हे त्याच्या स्वभावाशी जुळत नाही. मात्र त्या दिवशी चाली घरी तपासून तो आला होता, यात शंका घेण्याचे कारण नाही.

समोर सापळा आहे हे कापाब्लांकाने ओळखले, तरीही त्याने प्यादे घेतले. मार्शलने पुढे घोडाही देऊ केला, तो मात्र त्याने घेतला नाही. एकामागून एक धमक्या त्याने पटावरच, कोणत्याही तयारीविना परतवून लावल्या आणि छत्तिसाव्या चालीला डाव जिंकला. बुद्धिबळाच्या इतिहासातील सर्वोत्तम बचावांत या डावाची गणना होते. त्या संध्याकाळी कोणी निवाडा दिला असता, तर राइस गॅम्बिटप्रमाणे हाही प्रयोग फसला असेच म्हटले असते.

प्रत्यक्षात नेमके उलटे घडले. पराभूत झाली होती ती चालींची एक विशिष्ट मालिका. मूळ कल्पना शाबूत होती. अकराव्या चालीला घोडा मागे घेण्याऐवजी सी-पट्टीतले प्यादे एक घर पुढे सारून घोड्याला आधार द्यायचा, ही सुधारणा पुढे रूढ झाली आणि काळ्याचे आक्रमण टिकाऊ ठरले. १९६५ साली तिबिलिसी येथे आव्हानवीर निवडीच्या अंतिम लढतीत बोरिस स्पास्कीने मिखाईल ताल याच्यासारख्या घणाघाती खेळाडूविरुद्ध हेच ‘मार्शल आक्रमण’ ढाल म्हणून वापरले. त्यानंतरच्या पिढ्यांत पीटर स्विडलर, लेव्हॉन अॅरोनियन यांच्यासारख्या ग्रँडमास्टरांनी ते वारंवार खेळले. पांढऱ्या मोहऱ्यांनी खेळणारे कित्येक अव्वल खेळाडू ते टाळण्यासाठी आठव्या चालीलाच वेगळी वाट धरतात. जन्मभर धोक्याच्या चाली खेळणाऱ्या माणसाचा सर्वांत मोठा वारसा ठरले ते एक निर्दोष बलिदान.

बाकीच्या साऱ्या गॅम्बिटांचे भाग्य असे नव्हते. क्वीन्स गॅम्बिटला दुसऱ्याच चालीत घोड्याने उत्तर देण्याचा ‘मार्शल बचाव’ आज दुय्यम मानला जातो. सेमी-स्लाव सुरुवातीतील ‘मार्शल गॅम्बिट’ मात्र अद्याप जिवंत आहे. एकाच माणसाच्या कल्पनांपैकी एक पूर्णपणे सिद्ध झाली, एक अर्धवट आणि एक नाकारली गेली. कोणती कल्पना कुठल्या वर्गात जाणार हे पटावर खेळून पाहिल्याखेरीज त्या काळी कळण्याचा मार्ग नव्हता. हा हिशेब करणारा संगणक तेव्हा कोणाजवळही नव्हता. मार्शलने तो हिशेब स्वतःच्या गुणांची किंमत मोजून केला.

कर्णधार आणि यजमान

१९०९ मध्ये जॅक्सन शोवॉल्टरला हरवून मार्शल अमेरिकेचा विजेता झाला होता. हा किताब त्याच्याकडे सत्तावीस वर्षे राहिला. १९२३ मध्ये एडवर्ड लास्करविरुद्ध तो त्याने अवघ्या एका गुणाने राखला. १९२४ ची न्यूयॉर्क आणि १९२५ ची मॉस्को, या दोन्ही बलाढ्य स्पर्धांत चौथा क्रमांक मिळवून पन्नाशीकडे झुकतानाही आपण संपलेलो नाही हे त्याने दाखवून दिले. मात्र १९२७ च्या न्यूयॉर्क स्पर्धेत सहा जणांत तो शेवटचा आला. नव्या पिढीच्या काटेकोर बचावापुढे जुनी शस्त्रे चालेनाशी झाली होती.

त्याच्या स्वभावाचा कस लागला तो इथे. मार्शलने नव्यांशी वैर धरले नाही. १९३१ मध्ये त्याच्या चाहत्यांनी आणि आश्रयदात्यांनी क्लबासाठी वेस्ट टेन्थ स्ट्रीटवरील २३ क्रमांकाची वास्तू मिळवली. तिथे रूबेन फाइनसारखे तरुण घडले. झटपट बुद्धिबळात तर फाइनने पुढे मोठा लौकिक मिळवला. याच सुमारास अमेरिकेच्या संघाने ऑलिम्पियाडमध्ये प्राग १९३१, फोकस्टोन १९३३, वॉर्सा १९३५ आणि स्टॉकहोम १९३७ अशी चार सुवर्णपदके जिंकली. या चारही संघांत वयाने सर्वांत ज्येष्ठ असलेला मार्शल होता. तो कर्णधार होता आणि खेळतही होता. स्वतः धोके पत्करणारा हा माणूस संघाला मात्र सांभाळून नेत असे.

१९३६ मध्ये त्याने राष्ट्रीय विजेतेपद स्वेच्छेने खाली ठेवले आणि ते स्पर्धेद्वारे ठरावे यासाठी मार्ग मोकळा केला. ती पहिली स्पर्धा सॅम्युएल रेशेव्हस्कीने जिंकली. १९४२ मध्ये मार्शलच्या पन्नास वर्षांच्या बुद्धिबळाचा आढावा घेणारे पुस्तक प्रसिद्ध झाले. ९ नोव्हेंबर १९४४ रोजी जर्सी सिटी येथे हृदयविकाराने त्याचे निधन झाले. तेव्हा तो ६७ वर्षांचा होता.

त्याच्या पश्चात कॅरोलाइनने दीर्घकाळ क्लबाची धुरा वाहिली. तिच्याच कारकिर्दीत, ऑक्टोबर १९५६ मध्ये, तेरा वर्षांच्या बॉबी फिशरने या वास्तूत डोनाल्ड बर्नविरुद्ध वजिराचे बलिदान देऊन ‘शतकातील सर्वोत्तम डाव’ म्हणून गाजलेला विजय मिळवला. १९६५ मध्ये हवानाच्या कापाब्लांका स्मृती स्पर्धेला प्रत्यक्ष जाता न आल्याने फिशरने आपल्या चाली याच क्लबातून दूरमुद्रकाद्वारे पाठवल्या.

मार्शलच्या कारकिर्दीचे मूल्यमापन करताना लास्कर आणि कापाब्लांकाविरुद्धचे आकडे नजरेआड करता येत नाहीत. त्या दोन द्वंद्वांत मिळून ३८ डावांत त्याने एकच डाव जिंकला. अधिक सावध खेळला असता तर हे आकडे कदाचित सुधारले असते; परंतु मग केंब्रिज स्प्रिंग्जही घडले नसते, ब्रेस्लाऊचा वजीरही त्या घरात गेला नसता आणि १९१८ ची ती आठवी चालही खेळली गेली नसती. झटपट डावात गॅम्बिट टाकणाऱ्या आजच्या खेळाडूला मार्शलच्या चरित्रातून दोन गोष्टी घेण्यासारख्या आहेत. घड्याळ आपल्या बाजूने आहे तोवरच सदोष चालीचे आयुष्य असते, ही पहिली. आणि हरलेल्या डावानंतर त्याच चालीकडे पुन्हा शांतपणे पाहावे, ही दुसरी. कारण तिच्यात दोष कोणता आणि सत्य कोणते, हे पराभवाच्या दिवशी कळतेच असे नाही.